मसुदा परत पाठवा : संशोधन सल्लागार समित्यांना, मार्गदर्शकांना आणि संपादकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संशोधन सल्लागार समित्यांचे सदस्य, पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि मराठी संशोधनपत्रिकांचे संपादक यांस,

स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात माझी एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी पेढे घेऊन विभागात आली. तिचा शोधनिबंध स्वीकारला गेला होता. मंगळवारी रात्री तिने तो एका पत्रिकेला ईमेलने पाठवला, गुरुवारी सकाळी स्वीकारपत्र आलं आणि दुपारपर्यंत तिने प्रकाशनशुल्क भरूनही टाकलं. मी तिची गाईड, आणि मी तो निबंध पाहिलाही नव्हता. पेढा हातात तसाच धरून मी विचारलं, "मला कधी दाखवणार होतीस?" ती म्हणाली, "आता वाचाल का, मॅडम? तिकडून काहीच दुरुस्ती आलेली नाही."

काहीच दुरुस्ती आली नाही, हे ती आनंदाने सांगत होती. तिच्या लेखी तो चांगुलपणाचा दाखला होता. त्या दुपारपासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

आम्ही तो निबंध एकत्र वाचायला बसलो. विषय होता जात्यावरच्या ओव्या. मुलगी कष्टाळू आहे. आठवड्यातले चार दिवस तासिका तत्त्वावर शिकवते आणि उरलेल्या दिवसांत गावोगाव फिरते. चार गावांत जाऊन तिने अकरा बायकांकडून ओव्या ऐकून उतरवून घेतल्या होत्या. निबंधाच्या तिसऱ्या पानावर वाक्य होतं : "ग्रामीण स्त्रीच्या ओव्यांमधून तिच्या दुःखाचे प्रतिबिंब उमटलेले दिसून येते." मी समासात पेन्सिलीने लिहिलं, "कोणत्या स्त्रीच्या?" आणि तिला म्हटलं, तुझी वही काढ.

वही शंभर पानी, पिवळ्या कव्हरची, कोपरे पावसात भिजून फुगलेले. एकेका बाईच्या नावाखाली ओव्या, शेजारी वार आणि वेळ. पहिल्या गावातल्या आजींनी गायलेल्या ओव्यांत भाऊ होता, त्याची बैलजोडी होती, कापसाचा भाव होता, मापात मारणारा दुकानदार होता. सासूचं नाव नाही. दुसऱ्या गावातही तसंच. मग तिसऱ्या गावापासून एकदम सासुरवासच सासुरवास. मी विचारलं, इथे काय झालं? ती बराच वेळ वही उलटीसुलटी चाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, तिथून मी बायकांना विचारायला लागले, की सासुरवासाच्या ओव्या येतात का? कारण माझ्या सिनॉप्सिसमध्ये तो मुद्दा होता."

पुढच्या तीन आठवड्यांत तिने दुसरा खर्डा लिहिला. त्यातलं तेच वाक्य असं झालं : "मी ऐकलेल्या ओव्यांत भाऊ, पीक आणि बाजार हे विषय सासुरवासाइतकेच येतात. सासुरवासाच्या बहुतेक ओव्या मी स्वतः तसं विचारल्यानंतर गायल्या गेल्या आहेत, हे वाचकाने लक्षात घ्यावे." पहिलं वाक्य कुणीही, कुठेही, एकाही गावाला न जाता लिहू शकलं असतं. दुसरं वाक्य फक्त तीच लिहू शकत होती. आणि छापून आलं ते पहिलं. पैसे भरलेले, अंक निघालेला, बदल करता येणार नाही असं कळवण्यात आलं.

त्या पत्रिकेचं नाव मी घेत नाही, कारण दोष एका पत्रिकेचा नाही. ज्या निबंधाला आणखी तीन आठवडे हवे होते त्याला आपण सर्वांनी मिळून दोन दिवस दिले. मीही त्यात आले. सहा महिन्यांच्या प्रगती अहवालात मी तिला "किती पेपर झाले?" असं विचारलं होतं, "कितवा ड्राफ्ट चालू आहे?" असं विचारलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मसुदा परत पाठवणं हा संशोधनाचा भाग आहे, आणि तो आपल्या व्यवस्थेतून निघून गेला आहे. तो परत आणण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे.

मी स्वतः हे कुणाकडून शिकले ते सांगते. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती तेव्हा मी पहिला निबंध एका मराठी त्रैमासिकाला पोस्टाने पाठवला. हाताने लिहिलेली बावीस पानं. दोन महिन्यांनी पाकीट परत आलं तेव्हा हातापायातलं बळ गेलं. आत माझीच पानं होती, आणि जवळपास प्रत्येक पानाच्या समासात बारीक, स्वच्छ अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं. "हे कुठून घेतलं?" "हा शब्द आधीच्या पानावर वेगळ्या अर्थाने आला आहे." "इथे तुम्ही घाई केलीत, मला पुढे ऐकायचं होतं." पहिल्या पानावर मोठ्या आडव्या रेघेखाली : "निबंध तिसऱ्या पानापासून सुरू होतो. आधीची दोन पानं तुमच्यासाठी होती, वाचकासाठी नाहीत." आणि सोबतच्या पोस्टकार्डावर शेवटची ओळ : "पेन्सिलीने लिहिलं आहे, पटलं नाही तर खोडा."

त्या संपादकांना मी कधी भेटले नाही. निबंध मी आणखी तीनदा लिहिला. छापून यायला सव्वा वर्ष लागलं. त्यातल्या दोन सूचना मला पटल्या नव्हत्या आणि त्या का पटल्या नाहीत हे मी त्यांना सविस्तर कळवलं. त्यांनी दोन्ही ठिकाणी माझं म्हणणं तसंच ठेवलं. मी आज जे काही लिहिते, त्यात त्या पेन्सिलीचा हात आहे. माझ्या वयाच्या अनेक प्राध्यापकांकडे अशी एखादी आठवण असेल. आज पीएच.डी. करणाऱ्या मुलांकडे ती नाही, आणि ती देणारे आपण आहोत.

हे काही बाहेरून आणायला नको. पुण्यातच याचा धडा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवण्याचं, काम सुरू झालं. १९२३ मध्ये ना. बा. उटगीकर यांनी संपादित केलेलं विराटपर्व प्रसिद्ध झालं, तेच मुळी 'तात्पुरती आवृत्ती' म्हणून. ती देशोदेशीच्या अभ्यासकांकडे पाठवली गेली, मतं आणि टीका मागवण्यासाठी. छापील, बांधीव पुस्तक, आणि तरी संस्थेच्या लेखी तो कच्चा खर्डा होता! पुढे १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले आणि हस्तलिखितांची घराणी लावून पाठ ठरवण्याची पद्धत त्यांनी घडवली. त्यांचं आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. विराटपर्व मग रघुवीर यांनी नव्याने संपादित केलं, ते १९३६ मध्ये आलं. सगळं महाभारत हातावेगळं व्हायला १९६६ साल उजाडलं. एका पर्वावर तेरा वर्षांत दोनदा काम करण्यात त्या माणसांना कमीपणा वाटला नाही. ती संस्था आपल्याच राज्यात आहे. तिच्या ग्रंथालयात जाऊन आपण संदर्भ उतरवून आणतो. ही एक सवय मात्र तिथेच ठेवून येतो.

समितीच्या बैठकीत हा विषय काढला की एक अडचण हटकून पुढे येते : "ज्येष्ठ माणसाचा लेख परत कसा पाठवायचा?" १९३६ मध्ये अल्बर्ट आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'ला एक लेख पाठवला. गुरुत्वीय लहरी असू शकत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकांनी तो दुसऱ्या जाणकाराकडे वाचायला दिला आणि दहा पानी अभिप्रायासह आइनस्टाइनकडे परत पाठवला. आइनस्टाइन संतापले आणि त्यांनी लेख मागे घेतला. तो अभिप्राय लिहिणारे हॉवर्ड रॉबर्टसन यांनी नंतर प्रिन्स्टनमध्ये आइनस्टाइनचे सहकारी इन्फेल्ड यांना गणितातली चूक उलगडून दाखवली. १९३७ मध्ये तो लेख फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. ज्या संपादकाने तो परत पाठवला त्याने आइनस्टाइनचा अपमान केला, असं आज कोण म्हणेल?

आता नियमांकडे येते, कारण तुमचं काम नियमांशी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी संशोधनपत्रिकेत किमान एक निबंध छापलेला असणं सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. त्यापाठोपाठ २०२५ च्या सुरुवातीला आयोगाने मान्यताप्राप्त पत्रिकांची 'केअर' यादीही बंद केली आणि पत्रिकांचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली. म्हणजे आज "वरून नियम आहे" असं सांगण्याची सोय आपल्याकडे उरलेली नाही. तरीही मुलाखतीत, पदोन्नतीत, अगदी मौखिक परीक्षेच्या आधीही विचारलं जातं ते 'पब्लिकेशन किती' हेच. सक्ती गेली, पण मोजणी राहिली. मुलांना हे बरोबर कळतं. फेलोशिप ठरावीक वर्षांची, तासिका तत्त्वाची नेमणूक दरवर्षी नव्याने, घरी लग्नाचा विषय. अशा वेळी सव्वा वर्ष पेन्सिलीची वाट पाहा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून मी मुलांना दोष देत नाही. आपण जे मोजतो तेच ती करतात.

त्यात आणखी एक गोष्ट झाली आहे, ती मला मराठीची शिक्षिका म्हणून फार लागते. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. दहा ते चाळीस टक्क्यांच्या मध्ये असेल तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. नियम योग्य आहे. चोरी थांबलीच पाहिजे. पण बहुतेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यात 'सुधारून पुन्हा द्या' हे शब्द पहिल्यांदा येतात ते इथे, सॉफ्टवेअरच्या अहवालावर. त्यामुळे सुधारणं म्हणजे टक्केवारी खाली आणणं, असाच त्यांचा समज होतो. मग काय होतं ते मी पाहिलं आहे. "जात्यावर दळताना" याचं "दळणाच्या साधनावर कार्य करीत असताना" होतं. "माहेर" काढून "पितृगृह" येतं. अहवालातला रंग बदलतो, वाक्य मरतं. वास्तविक त्याच नियमांनी उल्लेखासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची आणि सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वसामान्य वाक्यरचना या मोजणीतून वगळली आहे. हे मुलांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून घाबरून ती अवतरणांचीही मोडतोड करतात. ओवी ही ज्या बाईने गायली तिची असते. तिचे शब्द फिरवणं ही माझ्या मते साम्यापेक्षा मोठी चूक आहे.

मग करायचं काय? माझ्याकडे मोठी योजना नाही. जे आधीच चालू आहे त्यातच थोडं वेगळं करता येईल, एवढंच सुचतं.

२०२२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला दर सत्रात तुमच्या समितीपुढे येऊन कामाचं सादरीकरण करावं लागतं. आज ते पॉवरपॉइंटच्या पंधरा स्लाइडवर उरकतं. त्याऐवजी एका प्रकरणाची किंवा निबंधाची फक्त पाच पानं मागवा, मात्र दोनदा लिहिलेली. जुनी पाच, त्यांवर गाईडच्या खुणा, आणि नवी पाच. सोबत एक कागद तीन रकान्यांचा : अभिप्राय काय होता, मी काय बदललं, कोणत्या पानावर. जिथे बदल केला नाही तिथे का केला नाही, हे त्याच रकान्यात. न बदलण्याचं हे कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मुलं गाईडने खूण केली की मुकाट्याने बदलतात. "सर म्हणाले म्हणून" हे कारण पुरेसं मानतात. "मला हे पटलं नाही, कारण..." असं सौजन्याने, पुराव्यासह लिहिता येणं हे त्यांना दुसरीकडे कुठे शिकायला मिळणार?

पाच पानं म्हणजे समितीच्या सदस्यांना आधी घरी वाचावी लागतील, हे मला ठाऊक आहे. वाचायचंच आहे. सादरीकरणात चूक दिसत नाही, ती पानावर दिसते. माझ्या विद्यार्थिनीच्या स्लाइडवर 'चार गावे, अकरा निवेदक' असं नीट लिहिलेलं होतं. वही उघडेपर्यंत तिलाही आणि मलाही काही कळलं नाही.

मार्गदर्शकांना एक विनंती. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. जागा आहेत म्हणून त्या भरू नका. एक प्रकरण नीट वाचून खुणा करायला मला दोन पूर्ण दिवस लागतात, आणि ते दिवस रविवारचेच असतात. सहा विद्यार्थ्यांची प्रकरणं एकाच महिन्यात आली तर मी काय वाचणार? ज्याचं वाचायला आपल्याकडे वेळ नाही त्याला घेऊ नये. आणि विद्यापीठांनी हे वाचन कार्यभारात धरावं, ही मागणी आपण मिळून करायला हवी.

संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम आज प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला सक्तीचा आहे. त्यातले सहा तास तरी एखादा खराखुरा खर्डा फळ्यावर घेऊन तो सगळ्यांदेखत दुरुस्त करण्याला द्या. शिकवणाऱ्याने स्वतःचा जुना खर्डा आणला तर उत्तम. मी माझी ती बावीस पानं आणते. पेन्सिल आता पुसट झाली आहे, पण वाचता येते.

संपादकांशी बोलताना मला संकोच वाटतो, कारण मराठीत संशोधनपत्रिका चालवणारे बहुतेक जण पदरमोड करून ती चालवतात हे मी जाणते. वर्गणीदार थोडे, समीक्षकांना मानधन नाही, आलेल्या निबंधातले निम्मे जुन्या फॉन्टमध्ये, ते युनिकोडमध्ये आणताना रफार एकीकडे आणि जोडाक्षरं दुसरीकडे. त्या अक्षरांच्या दुरुस्तीतच अर्धा वेळ जातो आणि आशयाला हात लावायला त्राण उरत नाही. म्हणून विद्यापीठांनी निबंध युनिकोडमध्येच घ्यावेत. त्याने खुणांसह मसुदा पाठवणंही सोपं होतं. पण संपादक महोदय, नाकारताना तरी तीन ओळी लिहा. आणि स्वीकारताना जास्त लिहा. "स्वीकारला आहे" एवढ्या दोन शब्दांनी विद्यार्थ्याचं भलं होत नाही. एखादा जाणकार वाचक माझ्या विद्यार्थिनीला म्हणाला असता, "बाई, हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आहेत, त्यांतल्या काही 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर ऐकायला मिळतात, आपल्या गावांच्या ओव्या त्यांच्याशी ताडून पाहा," तर तिचे दोन महिने जास्त गेले असते आणि निबंध दुप्पट भक्कम झाला असता. हे मला सांगता यायला हवं होतं. मी सांगितलं ते छापून आल्यानंतर.

काही जण म्हणतील, परत पाठवण्याच्या नावाखाली अडवणूक होईल. ती होते. स्वतःच्या पुस्तकाचा संदर्भ घालायला लावणारे समीक्षक असतात, वर्षभर मसुदा दाबून ठेवणारे गाईडही असतात. यावर उपाय म्हणजे अभिप्राय लेखी असणं आणि त्याला मुदत असणं. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच दाखवता येत नाही. लेखी अभिप्राय समितीपुढे ठेवता येतो, आणि लिहिणाऱ्यालाही चार वेळा विचार करून लिहावं लागतं. गाईडने तीस दिवसांत आणि पत्रिकेने नव्वद दिवसांत उत्तर द्यावं, असा काही संकेत तुम्ही ठरवून दिलात तर मुलांना निदान वाट किती पाहायची हे तरी कळेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या महाविद्यालयात रांगोळ्या निघाल्या. मीही त्या दिवशी वर्गात बोलले. त्या दर्जामुळे मराठीतल्या संशोधनाकडे पैसा आणि लक्ष येईल, अशी आपल्या सर्वांना आशा आहे. त्यातला थोडा भाग वाचणाऱ्या माणसांवर खर्च व्हावा, असं मला मनापासून वाटतं. चर्चासत्रं, स्मरणिका, विशेषांक यांना निधी मिळतोच. कुणाचा तरी खर्डा घेऊन दोन दिवस बसणाऱ्या निवृत्त प्राध्यापकाला मानधन देण्याची सोय मात्र मी आजवर कुठल्याही अंदाजपत्रकात पाहिलेली नाही. असे निवृत्त शिक्षक प्रत्येक जिल्ह्यात आहेत, त्यांचे डोळे शाबूत आहेत, आणि त्यांना कुणी विचारत नाही.

माझ्या विद्यार्थिनीने दुसरा खर्डा आता दुसऱ्या विषयाशी जोडून घेतला आहे : ओव्या गोळा करताना विचारणाऱ्याच्या प्रश्नाने गाणाऱ्याचं गाणं कसं बदलतं. पहिला निबंध छापलेला असल्याचं तिने पहिल्याच परिच्छेदात सांगितलं आहे, आणि त्यात आपलं काय चुकलं हेही. ते लिहायला तिला धीर लागला. त्या आजींकडे ती पुन्हा जाऊन आली. या वेळी काहीही न विचारता फक्त जात्याशेजारी बसली. वहीत चौदा पानं वाढली आहेत.

या पत्रासोबत तिच्या परवानगीने, नाव झाकून, तिसऱ्या पानाच्या दोन्ही प्रती माझ्या विद्यापीठाच्या समितीकडे पाठवत आहे. पुढच्या बैठकीत त्या सदस्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. समासातल्या खुणा पेन्सिलीच्या आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मराठीची एक प्राध्यापिका आणि संशोधन-मार्गदर्शक